वरून ओतलेला चहा

आईचा पाय भाजला तो रेडिएटरवर, आणि भाजताना तिला कळलंसुद्धा नाही. डचांच्या देशातल्या वाखनिंगन गावात, माझ्या तळमजल्यावरच्या घरात ती दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि दोन्ही पाय त्या पांढऱ्या गरम पत्र्याला टेकवून ठेवायची. "चुलीम्होरं बसल्यावानी वाटतं गं," म्हणायची. तिला डायबेटीस होऊन बरीच वर्षं झालेली. साखरेनं तळपायाची जाणीव केव्हाच खाऊन टाकली होती. एके दिवशी मोजा काढला तर करंगळीजवळ हा एवढा फोड, आणि फोडाखालचं कातडं पांढरं पडलेलं.

खरं तर तिनं तेव्हा इथं असायलाच नको होतं. दिवाळीनंतर आली ती "बरफ बघते आन् जाते" म्हणून. बर्फ काही पडला नाही आणि मार्चमध्ये कोरोनानं विमानं बंद झाली. त्यात हा पाय. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मी रेडिएटरवर ओरडले, विमान कंपनीवर ओरडले आणि शेवटी आईवर ओरडले. आई शांतपणे म्हणाली, "झालं का वरडून? आता डाक्टरला फोन लाव."

इथल्या फॅमिली डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात. त्या दिवसांत तो कुणाला दवाखान्यात येऊ देत नव्हता, म्हणून पायाचे फोटो पाठवले. त्यानं दोन आठवडे गोळ्या दिल्या, मग पुन्हा फोटो मागवले आणि मग आवाज बदलून म्हणाला की रोजच्या रोज कुणीतरी जाणत्या माणसानं ही जखम साफ करायला हवी, मेलेली कातडी कापून काढायला हवी. नाहीतर बोट जाईल, आणि ते बोटावर थांबेलच असं नाही. विमा कंपनीशी मेलवर भांडून मी घरी येणारी नर्स मंजूर करून घेतली. भांडायचं म्हटलं की मला हुरूप येतो.

नर्स आली ती बॅटरीच्या सायकलवरून. पन्नाशीची, उंच, काळीभोर बाई. केसांच्या बारीक बारीक वेण्या, त्यात पांढऱ्या छटा, तोंडाला निळा मास्क. ती सुरिनामची. दक्षिण अमेरिकेतला हा देश पूर्वी डचांच्या ताब्यात होता, त्यामुळे तिकडची पुष्कळ माणसं इथं आहेत. तिनं आईला पहिल्या भेटीपासून 'तांते' म्हणायला सुरुवात केली. मावशी, काकू, काय म्हणाल ते. हात हलका होता तिचा. चिमट्यानं काम करताना तोंडानं काहीतरी गुणगुणायची. आईला भारत सोडून दुसरं काही माहीत नाही हे कळल्यावर ती म्हणाली, "आमच्या शेजारी तुमचीच माणसं राहायची. लहानपणी मी त्यांच्याच घरी रोटी खाऊन वाढले."

मला कोण आनंद झाला! मी लगेच आईला सांगितलं, "अगं, हिच्या देशात आपली माणसं आहेत. शंभर-दीडशे वर्षांपासून."

"आपली म्हंजी कोन?" आईनं विचारलं.

"भारतातली गं."

"हं," आई म्हणाली, आणि पायाकडं बघत बसली.

तो 'हं' मी तेव्हा सोडून दिला. माझं लक्ष ऑफिसच्या मीटिंगकडं. मी इथं शुगरबीटच्या बियाण्यावर संशोधन करते. या देशाची साखर त्या बिटापासून होते. त्या वर्षी लॅबमध्ये पाळीपाळीनं जायचं आणि उरलेला वेळ घरी लॅपटॉपसमोर बसायचं. नर्स यायची तेव्हा मी कानात हेडफोन घालून दुसऱ्या खोलीत. दुभाष्याची गरज लागली तर आई हाक मारायची.

आता आपल्या घरी कुणी येऊन नुसतं जाऊ शकतं का? आईनं दुसऱ्याच दिवशी चहा टाकला. नर्सनं हात जोडल्यासारखं करून नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "तिला म्हनाव, घोटभर तरी घे," आई म्हणाली. मी भाषांतर केलं. नर्सला वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या सकाळी तिनं काम संपल्यावर स्वतःच्या पिशवीतून थर्मास काढला, स्वतःचा हिरवा इनॅमलचा मग काढला, मागचं दार उघडून अंगणात गेली आणि तिथल्या खुर्चीवर बसून आईकडं बघून मग उंचावला. म्हणजे, तुम्ही आत प्या, मी इथं पिते, आपण दोघी बरोबरच पितोय. मला ते फार गोड वाटलं.  आईचा चहा तसाच गार झाला.

मग ते रोजचंच झालं. काम झालं की नर्स हातमोजे काढून वेगळ्या पिशवीत टाकायची, गाठ मारायची. स्वयंपाकघरातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची, बराच वेळ. आई तिथं बसून तिचं हात धुणं बघायची. मग नर्स बाहेर जाऊन आपला चहा प्यायची, आणि उठताना पिशवीतलं ओलं फडकं काढून बसलेली खुर्ची पुसून जायची. यात गैर काय होतं? नियमच होते तसे. आपण सगळेच तेव्हा भाजीच्या पिशव्या पुसत होतो.

जूनमध्ये एका सकाळी नर्सनं पायाला हात लावायला आणि आईनं पाय मागं घेऊन साडीच्या निऱ्यांत झाकायला एकच गाठ पडली.

"आज नगं," आई म्हणाली.

"आई, नको काय नको? दुखतंय का?"

"नगं म्हनलं न्हवं? उद्याबी नगं."

मी बाबापुता केलं, मग रागावले. ती ढिम्म हलली नाही. नर्सनं थोडा वेळ वाट पाहिली, "उद्या येते, तांते," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पट्टी मी बांधत होते, पण मेलेली कातडी कापणं माझ्यासारखीचं काम नव्हे. आठवडा उलटला आणि पट्टी सोडली की खोलीत वास यायला लागला. करंगळी जांभळी होती ती काळी पडायला लागली. मी फोटो पाठवला. हाउसआर्ट्सनं तडक फोन केला. म्हणाला, नर्सला आणखी एकदाच पाठवतो. परवा. तेव्हाही नाही म्हटलं तर हॉस्पिटलमध्ये भरती करायचं. आणि हॉस्पिटलात तेव्हा सोबत राहायला कुणालाच परवानगी नव्हती. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या, डचचा गंध नसलेल्या माझ्या आईला दारात स्ट्रेचरवर देऊन मी परत फिरायचं, आणि पुढं कुठपर्यंत कापलं ते फोनवर ऐकायचं. 

त्या संध्याकाळी मी लाज सोडून भांडले. "काय लावलंयस हे? पाय कापतील तुझा! कळतंय का?"

"कापू द्यात."

"का पण? काय केलं तिनं? इतकी चांगली बाई—"

"चांगली हाय," आई म्हणाली. "हातबी चांगला हाय तिचा. पन शिवली की हात धुती. आपल्या कपाला त्वांड लावत न्हाई. घरचा कप घिऊन येती. भायेर बसती. उठली की जागा पुसती."

 मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू. "आई, अगं कोरोना आहे! सगळेच हात धुतात!"

"ठावं हाय मला. म्या काय येडी न्हाई," ती कडाडली. "पन तूच म्हनालीस ना, तिच्या देशात आपली मानसं ऱ्हात्यात? मानसं गेली तितं जात गेली असंल. त्यांच्यात वाढली ती. दारावर आडनावाची पाटी हाय आपल्या. वाचली असंल. कोरोना काय कुनाच्या कपाळावर लिवलेला नसतो, बाई. जातबी नसती."

 त्याआधी दोन वर्षं मी बेस्ट नावाच्या इथल्या गावात एका मराठी घरी गणपतीला गेले होते. पोह्याची डिश हातात देता देता यजमानीणबाईंनी आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी जरासं मिटलेलं मी पाहिलं होतं. वावगं कुणी काही बोललं नाही. पोहे चांगले झाले होते. पण मी परत त्या घरी गेले नाही आणि आईला ते कधी सांगितलंही नाही. तेव्हा आईला 'उगाच शंका घेतेस' म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग आईनं तिच्या आईचं सांगितलं. येसकराची पाळी आमच्या घराण्याकडं आली की गावाचं पडेल ते काम करायचं. पाटलाचं अंगण लोटायचं, लाकडं फोडायची, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं. कुणीही हाक मारायची, आपण उठायचं. मजुरी नाही. संध्याकाळी शिळी भाकरी, सुगीला पसाभर धान्य, तेही मागून. आजीच्या कनवटीला कायम एक करवंटी खोचलेली असायची. मागच्या दाराशी उकिडवं बसायचं, करवंटी पुढं करायची, मग घरातली बाई वरून चहा ओतायची. हातभर वरून, म्हणजे शिवाशिव नको. "च्या हातावर सांडायचा," आई म्हणाली. "कडत असायचा. आई हूं का चूं करायची न्हाई. म्या मागं हुबी ऱ्हाऊन बघायची. आमी उठलो की बसल्या जागी शेनाचा सडा."

हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. आमच्या घरात धम्म होता, सकाळची वंदना होती, शिक्षण होतं, पुढं बघायचं होतं. करवंटीबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

नर्स आली तो जुलैचा पहिला दिवस होता. नेहमीच्या पांढऱ्या ॲप्रनवर त्या दिवशी तिच्या डोक्याला लाल-पिवळ्या फुलांचा कडक खळ दिलेला रुमाल होता, मोठ्या ऐटीत बांधलेला. मी दारातच तिला थांबवलं, अंगणात नेऊन खुर्चीवर बसवलं, आणि डच भाषेत, जी मला बियाण्यांपुरती बरी येते, शिवाशिव समजावून सांगायला बसले. शब्द नव्हते. शेवटी मी करवंटीचं सांगितलं, सड्याचं सांगितलं, आणि मग तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या मगाकडं बोट केलं. तिला आधी काही समजेना. समजलं तशी तिनं तो मग पिशवीतून काढून खाली गवतावर ठेवला.

"मी तिच्यापासून स्वतःला जपत नाहीये," ती म्हणाली. "मी तिला माझ्यापासून जपतेय. मी रोज सकाळी घरोघरी फिरते. ईस्टरला माझे एक म्हातारे पेशंट गेले. त्यांच्या घरात तो आजार मीच नेला का, ते मला अजून माहीत नाही."

आई उघड्या दाराच्या आत खुर्चीवर बसून आमच्याकडंच बघत होती. "काय म्हनती?"

"म्हणते, तिच्यापासून तुला त्रास होऊ नये म्हणून ती लांब राहते."

"म्हंजी तिचा मला बाट लागंल, असं म्हनती?"

"तसंच काहीसं."

 मला वाटलं, सुटलो, आता पाय पुढं करेल. कसलं काय! ती आणखीनच कळवळली. "माझी आईबी असंच म्हनायची," ती म्हणाली. "पाटलाचं पोरगं पळत जवळ आलं की म्हनायची, लांब हो रं बाळा, माझी सावली पडंल. सोताच्या तोंडानं म्हनायची. हिला कुनी शिकवलं असं बोलायला? इचार तिला."

"आई, हा आजार आहे, त्यात शिकवायचं—"

"इचार म्हनते ना!"

विचारलं. मला वाटलं नर्स हसेल. ती हसली नाही. खुर्ची सोडून दाराच्या बाहेरच्या पायरीवर बसली, आईपासून लांबच, आणि डोक्यावरचा रुमाल चाचपत म्हणाली, आज विचारलंत हे बरं केलंत. आज आमच्या साखळ्या तुटल्याचा दिवस. दरवर्षी मी ॲमस्टरडॅमला जाते, सगळे असेच नटून येतात, ढोल असतात, जेवण असतं. या वर्षी सगळं बंद, म्हणून नुसता रुमाल बांधून ड्यूटीवर आले, म्हणाली.

तिच्या आजीची आजी नदीकाठच्या उसाच्या मळ्यावर जन्मलेली. विकत घेतलेल्या माणसांच्या पोटी. तिथली दलदल हातांनी उपसून बांध घातले ते त्यांनी, ऊस लावला त्यांनी, तोडला त्यांनी, चरकात घातला त्यांनी, रस आटवला त्यांनी. साखर पिंपात भरून जहाजानं इकडं यायची. मग एक दिवस डच सरकारनं त्यांना मोकळं केलं. आणि मोकळं करताना नुकसानभरपाई दिली.

"बरं केलं," आई म्हणाली.

"त्यांना नाही गं, मालकांना," मी म्हटलं. मला ते आधीच माहीत होतं. "आणि यांना सांगितलं, आता तुम्ही मोकळे, पण अजून दहा वर्षं मळ्यावर काम करायलाच पाहिजे."

"सोडलं म्हनायचं आन् दावं गळ्यात तसंच?"

"दहा वर्षं संपली तशी माणसं मळे सोडून शहराकडं चालू लागली," नर्स सांगत होती. "ऊस उभा राहिला. तोडायला कोण? मालकांनी स्वतः कोयता धरला नाही. त्यांनी कोलकात्याच्या बंदरातून जहाजं मागवली. त्या जहाजांतून कराराची माणसं आली. तीच माझ्या शेजारची, रोटीवाली."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते असं. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. या गावात मी सात वर्षं राहतेय. इथली माणसं भली आहेत, खरंच भली आहेत, आणि गुलामगिरीचा विषय निघाला की म्हणतात, आमच्याकडं इथं कुठं गुलाम होते? बरोबर आहे, इथं नव्हते. इथं फक्त जहाजं बांधणारे होते, दोर वळणारे होते, पिंपं करणारे होते, मालाचा विमा उतरवणारे होते, साखर पांढरी करणारे होते. प्रत्येक जण आपापलं काम इमानेइतबारे करत होता, आणि ते सगळं उभं होतं समुद्रापलीकडच्या फुकटच्या हातांवर. आणि आमच्या गावात तरी कोण कुणाचा मालक होता? विचारा कुणालाही, कानावर हात ठेवेल. आम्ही कुणाला राबवलं नाही, चालत आलेलं होतं, म्हणेल. फुकटच्या हातांची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. हात बदलतात. मी ज्या बिटाच्या बियांवर पोट भरते त्या बिटाआधी इथल्या चहात कुणाची साखर होती, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

हे माझे विचार. आईचं डोकं निराळंच चाललं होतं. "तिला बैलाचं सांग," ती म्हणाली.

"कुठला बैल?"

"बघ, तुलाबी ठावं न्हाई." मग तिनं सांगितलं आणि मी डचमध्ये सांगत गेले. आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि ठरवलं, आता येसकराची पाळी बंद. त्याच उन्हाळ्यात पाटलाच्या गोठ्यात बैल मेला. बोलावणं आलं, कुणी गेलं नाही. पुन्हा आलं, नाही गेलं. गावानं आमची पिठाची गिरणी बंद केली, वाट बंद केली, दुकानातलं मीठ-मिरची बंद केली. पण बैल तिथंच. फुगला. वास सुटला. वाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून फिरायला लागल्या. एवढं मोठं गाव, एवढी तालीम केलेली पोरं, पण एक मेलेलं जनावर ओढायला कुणी पुढं येईना.

"त्या दिशी कळलं," आई म्हणाली, "गावाला हातच न्हवतं. आमचंच व्हतं ते."

नर्सनं हे ऐकून मांडीवर थाप मारली आणि मोठ्यानं हसली. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते भरून आले होते. मग आईनं विचारलं, "तुमच्या मानसांस्नी कशात वाढायचे?"

नर्सनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. एक झाड असतं, त्याचं मोठं कडक फळ, ते चिरून कोरून वाळवायचं. त्याच्या वाटीत.

"आमची करवंटी," आई म्हणाली. "आन् काय करून घेत व्हते म्हनालीस? ऊस?"

"हो, साखर."

आईनं खाली आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडं पाहिलं. "घ्या! म्हंजी दोघींच्याबी मुळावर साखरच उठली की."

मी ते डचमध्ये सांगितलं.  नर्स नुसती मान हलवत राहिली.

"च्या टाक," आईनं मला फर्मावलं. "साखर नगं." मी चहा केला, किटलीत गाळून आणला आणि दाराशी स्टुलावर ठेवला. नर्स म्हणाली, तुमच्या कपात मी नाही पिऊ शकत, तांते, नियम आहे आणि मला तुमची काळजी आहे, पण चहा घेईन. तिनं हिरवा मग गवतावरून उचलला, धुवून घेतला आणि पायरीवर बसल्या बसल्या पुढं धरला. आईनं किटली उचलली. मगाला किटली लागायला नको, म्हणून हात आपोआप वर गेला. आणि तिथंच थांबला.

मी तिच्या मागं उभी होते. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होता. उंबऱ्याच्या आत आई, हातात किटली, वर धरलेली. उंबऱ्याबाहेर खाली बसलेली बाई, दोन्ही हातांत मग, पुढं केलेला.  किटलीचं झाकण वाजत होतं. मला पुढं होऊन ती हातातून घ्यावीशी वाटली, पण पाय उचलला नाही. आईनं किटली खाली आणली आणि स्टूल बाहेर, नर्सच्या पुढ्यात सरकवून त्यावर ठेवली.

"तिला म्हनाव," ती म्हणाली, "तुझ्या हातानं घे. किटली धर. आपलीच हाय. माझ्या आईच्या हाताला कुनी कधी किटली लागू दिली न्हाई."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. नर्सनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आईकडं. मग किटलीची मूठ धरली, स्वतःच्या मगात चहा ओतला, सावकाश, भरून. आई आपला कप घेऊन वाकली आणि तो स्टुलावर तिच्या पुढं ठेवला. नर्सनं तोही भरला. दोघी प्यायल्या. आत एक, बाहेर एक. बिनसाखरेचा, दोघींनीही तोंडं वाकडी केली.

कप खाली ठेवून आईनं साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि पाय पुढं केला.

पट्टी सुटली तसा वास आला. नर्सनं नाक मुरडलं नाही, गुणगुणणंही बंद ठेवलं. बराच वेळ खाली मान घालून काम करत राहिली. ते बोट पुढं काढावंच लागलं, पण एका दिवसात काढून तिला घरी सोडलं. पाय राहिला. त्या पायानं ती पुढच्या हिवाळ्यात विमानात चढली आणि आता गावी मळ्याच्या वाटेनं फिरायला जाते, थोडी लंगडत. काही वर्षांनी इथल्या सरकारनं जुन्या गुलामगिरीबद्दल माफी मागितली, तेव्हा मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आपल्या बाईला सांगितलंस का?"

पण मला त्या सकाळचं शेवटचं जे आठवतं ते हे. पट्टी बांधून झाली. नर्सनं मोजे काढले, पिशवीत टाकले, गाठ मारली आणि स्वयंपाकघरातल्या नळाशी जाऊन नेहमीसारखी हात धुवायला लागली. पाणी चालू झालं आणि मी घाबरून आईकडं पाहिलं. आई खुर्चीवरून मान वळवून तिच्या हातांकडं बघत होती.

"नीट धू गं पोरी," ती म्हणाली. "कोपरापतुर. साबन लाव. अजून कितीक घरं हिंडायचीत तुला."

मी डचमध्ये सांगितलं. नर्सनं "हो, तांते," म्हटलं, आणखी थोडा साबण घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला लागली.